माल आणि निर्माल्य

“थांबवा! थांबवा ती गाडी! ओ दादा, आमची पिशवी गेलीय त्यात!”

हे ओरडणं माझं. आवाज असा लागला होता की समोरून येणाऱ्या ढोलपथकातल्या पोरांचे हात हवेतच राहिले, आणि इथे कोथरूडला ओरडलेलं तिकडे येरवड्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी खिडकीशी येऊन ऐकलं. बरं, कैद्यांचं सोडा. पथकाचंही सोडा. खरं सांगायचं तर त्या ढोलांपुढे माझा आवाज माझ्या स्वतःच्या कानापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. गौरींसाठी नेसलेली काठपदराची साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचून मी निर्माल्याच्या गाडीमागे धावत होते. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात वाटल्या डाळीच्या डब्याची पिशवी. गाडीच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाने मला पाहिलं, गाडी जरा हळू करायला लावली आणि मला वाटलं, देव आहे. तो खाली वाकला. माझ्या हातातली डाळीची पिशवी त्याने मोठ्या आदराने घेतली, कपाळाला लावली आणि मागच्या ढिगात टाकून दिली.

“धावायचं कशाला काकू?” तो म्हणाला. “उद्या परत येते की गाडी.”

आणि गाडी गेली. डब्यासकट.

तेव्हापासून भाद्रपद आला की लोकांना मोदकांचा वास येतो आणि मला त्या गाडीचा येतो. झेंडूचे ओले हार, काळवंडलेला केवडा, दूर्वांच्या जुड्या, पत्री, विड्याची पानं, सगळं एकमेकांच्या अंगावर पडून कोमट झालेलं. गोडही नाही आणि कुजकाही नाही, असा मधलाच वास. यंदाही आला. विसर्जनाच्या हौदाशी एक गलेलठ्ठ गृहस्थ कर्णा घेऊन उभे होते, “निर्माल्य इकडे! निर्माल्य पाण्यात नको!” मी माझी पिशवी उघडली, हार बाजूला सारले, तळापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं आणि मगच पुढे केली. मागे रांगेतल्या बाई म्हणाल्या, “देवाला वाहिलेलं परत तपासून घेताय का?” पुण्यात माणसाला धक्का मारण्याआधी वाक्य मारतात. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही, हे मला ओळखणाऱ्या कुणालाही सांगून पाहा, विश्वास ठेवणार नाहीत.

त्या वर्षी गाडीत गेलेल्या पिशवीत काय होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं माझे पाटल्या-तोडे होते. पिशवीत गोकर्णीची फुलं होती. वाळवलेली, निळी, एका अख्ख्या पावसाळ्याची. पण तसं म्हटलं तर माझी पैज त्या पावसाळ्यात फुलांवर नव्हतीच. माझी पैज एका खुर्चीवर होती.

खुर्ची म्हणजे आमच्या बाल्कनीतली, प्लास्टिकची, तपकिरी. त्या खुर्चीत आमचे हे बसायचे. यांचं नाव विलासराव. मोटारी रंगवणाऱ्या एका कारखान्यात यांचं काम रंग जुळवण्याचं. गाडीचं एक दार बदललं तर उरलेल्या गाडीशी त्याचा रंग मिळतो की नाही, ते हे सांगायचे. डोळा असा की आमचा दूधवाला यांना घाबरून असायचा. पातेलं पुढे केलं की हे नुसते बघायचे आणि तो दुसऱ्या दिवशी पाणी कमी घालायचा. मग कारखान्याने ते खातंच परराज्यात हलवलं. तिकडे म्हणे रंग जुळवायला यंत्र आहे. यांना हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. घड्याळ मी भिंतीवर लावलं आणि हे खुर्चीत बसले.

बसले ते बसलेच. काही महिन्यांनी खुर्ची यांच्यासारखी दिसायला लागली. दोन पाय जरा बाहेर, पाठ वाकलेली. मी आपली दिवसभर बोलत होते, मी म्हणजे दहा माणसांचा ऐवज. पण मी नवऱ्याशी बोलते आहे की बाल्कनीच्या गजांशी, ते गजांनाच माहीत. हे म्हणायचे, “हं.” बुधवार पेठेतून जुना, बिघडलेला रेडिओ आणून दिला, म्हटलं उघडा, दुरुस्त करा, पसारा करा. त्यांनी बटण फिरवलं. मेला लागला! बातम्या ऐकल्या, बंद केला. डॉक्टर म्हणाले, “मन रमवा.” मन म्हणजे काय बाळ आहे, खुळखुळा वाजवला की रमलं? आयुष्यात मला कधी कुणी गप्प करू शकलं नव्हतं. या माणसाने स्वतः गप्प बसून मला हरवलं.

आणि मग ते बी पडलं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंडीतून गोकर्णीचा एक वेल आमच्या बाल्कनीत लोंबायचा. त्याला शेंगा धरलेल्या. उन्हाळ्यातली दुपार, रस्ता सुन्न, पंखासुद्धा दमलेला. टच्च करून आवाज झाला. वाळलेली शेंग पीळ खाऊन तडकली आणि एक बी बंदुकीच्या गोळीसारखं येऊन यांच्या दोन भुवयांच्या बरोबर मध्ये लागलं. बरं, भुवया मी नंतर घातल्या. चहाच्या कपात पडलं. यांनी चमच्याने ते बाहेर काढलं, तळहातावर घेतलं, उजेडाकडे धरलं.

“कशाचं गं हे?”

प्रश्न! किती महिन्यांनी या माणसाने प्रश्न विचारला होता. मी उत्तर देता देता गोकर्णीची सात पिढ्यांची माहिती सांगितली, त्यातली सहा मी तिथल्या तिथे बनवली. महादेवाला चालते, शनीला चालते, डोळ्यांना चांगली, केसांना चांगली आणि आता म्हणे लोक तिचा निळा चहा करून पितात. त्या शेवटच्यावर हे थांबले. “निळा? कुठला निळा?”

पुढचं काय सांगू? आमची सोसायटी उभी आहे ती माझ्या सासऱ्यांच्या शेतावर. जिथे त्यांची ज्वारी डोलायची तिथे आता सेक्रेटरींची मोटार उभी असते, कव्हर घालून. यांनी रंगाचे रिकामे डबे जमवले, कंपाउंडच्या कडेची माती भरली आणि एकेक डबा गच्चीवर नेला. शेत तीन मजले वर गेलं, एवढाच काय तो फरक. सेक्रेटरी म्हणाले, “गच्ची कपडे वाळत घालण्यासाठी आहे, शेती वाळत घालण्यासाठी नाही.” मी भांडायला पदर खोचला होता. पण हे मिटिंगमध्ये नुसते उभे राहिले, एक शब्द न बोलता, त्यांच्याकडे बघत. दूधवाल्याकडे बघायचे तसं. परवानगी मिळाली.

आषाढात मांडव भरला. नायलॉनच्या दोऱ्यांवरून वेल असे काही चढले की मी एकदा तिथे टॉवेल वाळत घातला तर संध्याकाळी त्यालाही कळी आली. सकाळी वर गेलं की पहिल्यांदा हिरवं दिसायचं आणि मग डोळा जरा स्थिरावला की निळे ठिपके एकेक करून पुढे यायचे, कुणीतरी हलक्या आवाजात हजेरी घेत असल्यासारखे. पोटात पिवळसर-पांढरा डाग, कडेला गर्द. हे त्याला निळा म्हणत नसत. निळा म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटायचं. “आज बघ, आपल्या पहिल्या स्कूटरची टाकी आहे.” “आज शाईची दौत.” “आज जरा पांढरं पडलंय, रात्री पाऊस जास्त झाला.” वाक्यं! पूर्ण, क्रियापदासकट!

त्या वेलाची एक खोड आहे आणि त्या खोडीवर माझा जीव जडला होता. फूल रोज तोडावं लागतं. चार दिवस तोडलं नाही की वेलाला वाटतं, झालं आपलं काम; तो शेंगा धरतो आणि फुलायचं थांबवतो. म्हणजे माणसाला रोज वर जावंच लागतं. ताप असो, पाऊस असो, उदास वाटो. हा वेल माणसाला बसू देत नाही. मी खाली स्वयंपाकघरात उभी राहून यांची जिन्यावरची पावलं ऐकायची आणि मनातल्या मनात वेलाला म्हणायची, फूल रे बाबा, थांबू नकोस.

फुलं तोडायला हे एकटेच वर असत असं मात्र नाही. सकाळी फिरायला निघालेली माणसं पुण्यात दुसऱ्यांच्या कुंपणातून देवाची तरतूद करतात. हातात दुधाची रिकामी पिशवी, पायात पांढरे बूट. आमच्याकडे ती गच्चीवरही पोचली. पकडलं की एकच उत्तर, “देवाला हं!” याच्यावर काय बोलणार? देवाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? मी बोलून पाहिलं, तर एक बाई म्हणाल्या, “तुम्ही विकता, आम्ही वाहतो. पाप कुणाला लागेल ते तुम्हीच बघा.” शेवटी यांनीच तोडगा काढला. जिन्याच्या तोंडाशी चार डबे वेगळे ठेवले. “हा देवाचा वाटा. यातलं तोडा. पलीकडचा माल आहे.” माल! हा शब्द उच्चारताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. माल असलेला माणूस खुर्चीत बसत नाही.

ताजी फुलं श्रावणी सोमवारी कोपऱ्यावरची फुलवाली घ्यायची. पण यांचं लक्ष वाळवलेल्या फुलांवर. रविवार पेठेत मन्सूरभाईंचं दुकान आहे, काष्ठौषधींचं, चार पिढ्यांचं. ज्येष्ठमध, नागरमोथा, गुलाबपाकळ्या, पोत्यापोत्यांतून असा वास सुटतो की दुकानासमोरून गेलं की सर्दी बरी होते. त्यांच्या मुलीने काचेच्या बरण्यांतून निळा चहा विकायचं काढलं होतं. आम्ही पहिली फुलं घेऊन गेलो. मन्सूरभाईंनी मूठभर उचलली, पण डोळ्यांशी नाही नेली. कानाशी नेली. मूठ हलकेच दाबली.

“रंग अव्वल आहे, भाऊ,” ते म्हणाले. “पण वाजत नाही.”

“फूल वाजतं?” मी विचारलं.

“वाजलं पाहिजे, भाभी. पापडासारखं. नाहीतर बरणीत महिनाभरात बुरशी.” मग यांच्याकडे वळून, “गौरी-गणपती झाले की घेऊन या. वाजलं, तर पुढचे सगळे पावसाळे तुमचे. माझी पोरगी दुसरीकडे बघणार नाही.”

येताना हे बसमध्ये खिडकीशी बसले होते. अख्ख्या रस्त्यात एकदाच बोलले. “पुढचे सगळे म्हणाले ना ते?”

आता पुण्याच्या पावसाळ्यात काही वाजेल असं करून दाखवा बघू! इथला पाऊस कोसळत नाही, झिमझिमत राहतो, हट्टी पाहुण्यासारखा. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, चिवडा चामड्यासारखा होतो. उन्हात ठेवावीत तर फुलांचा रंग उडतो, सावलीत ठेवावीत तर त्यांना मिशा फुटतात. पंख्याखाली ठेवली तर उडाली; पुढे दिवाळीपर्यंत ती आम्हाला कशाकशात सापडत होती, लोणच्यात, शिवणाच्या डब्यात, यांच्या चष्म्याच्या घरात. फ्रिजच्या मागे ठेवली, कुकरच्या वाफेपासून लांब ठेवली. घरात चाळण्याच चाळण्या. झोपायला जागा नाही, बसायला जागा नाही. आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही, बसायला जागा नाही म्हणून एक चाळणी बाल्कनीतल्या त्या खुर्चीवर गेली. यांनीच ठेवली. सहज, काहीच न वाटून. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावला आणि कांदा चिरत नसताना कांद्याला शिव्या घातल्या.

शेवटी कोरडी जागा सापडली ती देवघराशी. तिथे अखंड दिवा तेवतो. त्याच्या उबेने शेजारचा कोनाडा बारा महिने खडखडीत असतो. अर्धवट वाळलेली फुलं हे कापडी पिशवीत घालून तिथल्या खिळ्याला अडकवायचे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की देवासमोर उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय भक्ती आहे! हात पिशवीत, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. गोकर्ण म्हणजे गाईचा कान म्हणतात. आमच्याकडे माणसाचाच कान फुलाला लागलेला. आणि एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, माझ्या कानाशी मूठ धरली. चुर्र. अगदी बारीक, लहान मुलाने पापडाचा कोपरा मोडावा तसं.

“वाजतंय,” हे म्हणाले.

त्या आनंदात आम्ही शेजारच्या काळेकाकांना निळा चहा पाजला. काचेच्या पेल्यात, वर लिंबू पिळून निळ्याचा जांभळा करून दाखवला. काकांनी शांतपणे पेला संपवला, मिशा पुसल्या. “गरम पाणी छान झालंय,” म्हणाले. आणि विलासराव हसले. असे हसले की खिडकीतली कबुतरं उडाली, ती अजून परतलेली नाहीत. कबुतरांबद्दल शंका घ्यायची तर घ्या. हसण्याबद्दल घेऊ नका.

मग गौरी आल्या, आणि त्यांच्याबरोबर नलूताई.

नलूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. राहतात धायरीला. दरवर्षी गौरी त्यांच्याकडे असतात, पण त्या वर्षी त्यांच्या घराचं रंगकाम निघालं म्हणून आमच्याकडे बसवल्या. बाई सोन्यासारखी. तिच्या हाताला विश्रांती माहीत नाही आणि तिच्या श्रद्धेला शंका माहीत नाही. आल्या आल्या मी तिला बजावलं, या चाळण्यांना हात लावू नका, हा यांचा माल आहे. तिने नाही लावला. पाहुण्या बायकांच्या पोरांनासुद्धा लावू दिला नाही. “त्यो भावजींचा माल हाय, सरा बाजूला,” म्हणत पोलिसासारखी उभी राहिली.

पण पिशवी चाळणीत नव्हती. पिशवी देवापाशी होती.

तुम्हीच सांगा, आपल्या कुठल्याही घरात वाळलेली फुलं, कापडी पिशवीत, देवघराच्या खिळ्याला अडकवलेली दिसली, तर ती काय असतात? नलूताईंनी काय वेगळं केलं? विसर्जनाच्या दिवशी तिने पिशवी उतरवली. तिला हळद-कुंकू वाहिलं. नमस्कार केला. हार-दूर्वांच्या मोठ्या पिशवीत ती अलगद ठेवली आणि हौदापर्यंत स्वतःच्या हाताने घेऊन आली, दुसऱ्या कुणाला ओझं नको म्हणून. रस्त्यात तिला एकदा ठेच लागली तर आधी पिशवी सांभाळली आणि मग पाय पाहिला.

हौदाशी ही गर्दी. रांगेत हे पुढे होते, दोन्ही हातांत गणपतीची मूर्ती. निर्माल्याची गाडी भरून निघत होती. नलूताई हात झटकत, समाधानाने आली.

“झालं बाई. घरातलं समदं दिलं. देवापाशीची पिशवी पन दिली.”

“कुठली पिशवी?”

“ती निळ्या फुलांची. लई दिसाची साठली व्हती की गं.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी ऐकलं होतं. पण यांच्या हातात गणपती होता. माणसाच्या दोन्ही हातांत देव असला की त्याला काही म्हणजे काही करता येत नाही. धावता येत नाही, ओरडता येत नाही, मूर्ती खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. ते नुसते मान वळवून गाडीकडे बघत राहिले. म्हणून मग मी धावले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

एक राहिलं. माझ्या बोलण्यातलं निम्मं तुम्ही खुशाल कापून घ्या, कैदी काढा, कबुतरं काढा, टॉवेलाची कळी काढा. पण हे एक ठेवा. गाडी वळली तेव्हा बारीक पाऊस लागला होता. गाडीच्या मागच्या फळीखालून पाणी गळत होतं, रस्त्यावर लांबच लांब रेघ ओढत. ती रेघ निळी होती. विसर्जनाच्या गर्दीत गुलालावरून, चपलांखालून, एका माणसाचा पावसाळा पाण्याबरोबर वाहत चालला होता आणि त्यावरून लोक नाचत पुढे जात होते. मी उभी राहून पाहिलं. पहिल्यांदाच मला जे दिसलं त्यात काही घालावंसं वाटलं नाही.

इतकी वर्षं मी एकच गोष्ट उलटीसुलटी करते आहे, रागवायचं कुणावर? नलूताईंवर? गाडीवाल्यावर, ज्याने डाळसुद्धा कपाळाला लावली? मन्सूरभाईंना फोन केला, तर त्यांनी आधी दुकानातली खलबत्त्याची ठकठक थांबवायला लावली. मग म्हणाले, “देवाकडे गेला माल, भाभी. माझ्याकडे आला असता तर परत मागता आला असता.” त्यांच्या मुलीने बरण्या तयार ठेवल्या होत्या, तिने दुसरीकडून भरल्या. तिने तरी काय करावं? आणि समजा, गाडी थांबली असती, मी त्या ढिगात उडी मारून पिशवी शोधून आणली असती, तरी काय? हळद-कुंकू वाहिलेली, देवाच्या नावाने सोडलेली फुलं कुठल्या तोंडाने कुणाच्या कपात घालणार? सकाळी माल होता. दुपारी निर्माल्य झालं. निर्माल्याच्या पोटात माल आहे, शब्द नीट पाहा, पण तो बाहेर काढायची सोय नाही.

यंदा गच्चीवर अजून वेल आहे. कुणी लावलेला नाही. शेंगा तडकतात, बी पडतं, आपोआप उगवतं. डबे गंजले. सकाळी माणसं येतात, पांढरे बूट, दुधाची पिशवी. “देवाला हं!” मी म्हणते, घ्या. आता सगळाच देवाचा वाटा. तरी त्यांच्याने सगळं तोडून होत नाही आणि उरलेल्याच्या शेंगा होतात. दुपारी मी खाली पोळ्या लाटत असले की वरून ऐकू येतं, टच्च. आणि माझं लाटणं थांबतं. यंदा हौदावर मूर्ती मी नेली. हे म्हणाले, तू जा.

गाडी गेली त्या दिवशी घरी आलो तेव्हा माझा आवाज बसला होता तरी मी ओरडतच होते. नलूताई भिंतीला टेकून बसली होती, कपाळाचं कुंकू घामाने ओघळलेलं. “माल चाळनीत हाय म्हनलीस तू,” ती म्हणत होती. “द्येवापाशी माल ठेवत्यात व्हय गं? सांग की. ठेवत्यात व्हय?” चार चाळण्या घरात उरल्या होत्या, शेवटच्या तोडणीच्या, ओलसर. मी एक मूठ उचलून कानाशी धरली. काही नाही. मुठीत नुसतं थंड लागलं.

हे देवघरापाशी गेले, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. दिवा तेवत होता, त्यात तेल घातलं. मग नलूताईंपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “वहिनी, पाणी घ्या,” म्हणाले. बाल्कनीत गेले. खुर्चीवरची चाळणी उचलून खाली ठेवली. खुर्चीवर पाकळ्यांचा थोडा चुरा पडला होता, तो तळहाताने एका बाजूला सारला. आणि बसले.

मी दारात उभी राहिले. देवाला बोलले, महापालिकेला बोलले, पावसाला बोलले, गाडीवरच्या त्या माणसाच्या सात पिढ्यांना बोलले. हे समोरच्या इमारतीकडे बघत होते. बोलून बोलून माझा श्वास संपला तेव्हा मी एवढंच विचारलं, “अहो, आता काय करायचं?”

“चहा ठेव,” हे म्हणाले. “साधा.”